मोळीचा भार आणि हाडाची जाळी

उभं चिरलेलं मांडीचं हाड हातात घेतलं, की आधी मधला दांडा नजरेत भरतो. त्याची भिंत जाड, घट्ट आणि आत पोकळी. बोट खुब्याकडे सरकवत नेलं, की भिंत पातळ होत जाते आणि पोकळीची जागा बारीक जाळी घेते. तिची एकेक काडी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढी. हाड उजेडाकडे धरलं, की या जाळीतली शिस्त दिसते. काड्यांचा एक पट्टा मानेच्या आतल्या बाजूने सरळ वर, खुब्याच्या गोलाकडे चढतो. दुसरा बाहेरच्या बाजूने कमान घेत येऊन त्याला छेदतो. पहिला दाब पेलतो, दुसरा ताण. जिथून फारसा भार जात नाही, तिथे विरळ त्रिकोण सुटलेला असतो.

१८६०च्या दशकात झुरिकमध्ये हर्मान फॉन मायर यांनी या काड्यांचं चित्र काढलं. ते पाहून कार्ल कुल्मान या अभियंत्याला भार उचलणाऱ्या यारीतल्या ताण-दाबाच्या रेषा ओळखू आल्या. पुढे १८९२मध्ये युलियस वोल्फ यांनी नियम मांडला: जसा भार पडतो, तसं हाड स्वतःला घडवतं.

हाडांच्या एकूण वजनात या जाळीदार हाडाचा वाटा जेमतेम पाचवा. जाळीच्या पोकळ्यांत लाल मगज असतो आणि रक्तपेशी तिथेच तयार होतात. मगजाच्या तपासणीसाठी सुई कमरेच्या हाडात घालतात ती त्यामुळेच. जाळीचा पृष्ठभाग मोठा, म्हणून जुनं हाड खरवडणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशींना तिथे भरपूर जागा मिळते. वर्षाला घट्ट हाडाचा सुमारे ३ टक्के भाग नवा होतो, तर जाळीदार हाडाचा २५ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे या खरवडण्या-भरण्याचा हिशेब बिघडला, की झीज आधी इथेच दिसते आणि मणका, मनगट, खुबा मोडतो.

हा हिशेब सांभाळणाऱ्यांत इस्ट्रोजेन हे बीजकोशांतून येणारं संप्रेरक मुख्य. ते आटलं, की खरवडणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. काडी बारीक झाली तर औषधाने पुन्हा जाड करता येते. पण मधूनच तुटली, तर नवं हाड चढायला आधारच उरत नाही. मणक्यात आडव्या काड्या आधी जातात, उभ्या एकट्या राहतात. ऊसतोडीच्या फडावरच्या कोपीतले आडवे बांबू काढून घेतले, तर उभे बांबू जसे थोड्याशा भाराने वाकतात, तसंच मणक्याचं होतं.

बीड जिल्ह्यात हा विषय म्हणूनच जिव्हारी लागतो. २०१९मध्ये गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जिल्ह्यातली पाहणी आली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांतल्या अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. खाडा पडला की दंड, फडावर ना पाणी ना आडोसा, अंगावरून जाण्याचा त्रास आणि कर्करोगाची घातलेली भीती, या सगळ्यातून त्या ‘पिशवी काढायला’ पोचल्या. पिशवीबरोबर बीजकोशही गेले, तर इस्ट्रोजेन एका दिवसात आटतं. बीजकोश ठेवले, तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. टाके वाळले की बाई पुन्हा ३०-४० किलोंची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. कष्टाने हाड मजबूत होतं, हे खरंच आहे. पण इस्ट्रोजेन आणि पोटभर चौरस अन्न नसेल, तर त्याच मोळीखाली मणका दबतो. उंची थोडी कमी होते, पाठ वाकते, आणि घरात सगळे म्हणतात, ‘कामाने कंबर गेली.’

हे आधी ओळखता येतं. हाडाची घनता मोजणारं डेक्सा यंत्र तालुक्याला सहसा नसतं, पण एक्स-रे असतो. १९७०मध्ये मनमोहन सिंग, नागरथ आणि मैनी या भारतीय डॉक्टरांनी खुब्याच्या साध्या एक्स-रेतल्या काड्यांच्या पट्ट्यांवरून हाडाच्या सहा पायऱ्या ठरवल्या. सहावी पायरी निरोगी. तिसरी आणि त्याखालची ठिसूळ हाडाची. हा अंदाज ढोबळ आहे, पण कुणाला पुढच्या तपासणीला पाठवायचं, एवढं ठरवायला त्याची मदत होते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जिल्ह्यातल्या पिशवी-शस्त्रक्रियांची चर्चा पोटापाशी थांबू नये, ती पाठीपर्यंत गेली पाहिजे. कमी वयात बीजकोश गेलेल्या बाईला, तिच्या प्रकृतीला चालत असेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकाची गोळी देणं हा मान्य उपचार आहे. हाड ठिसूळ झालंच असेल, तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा शिरेतून देता येतं. मात्र आधी मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून. सहा महिने परमुलखात काढणाऱ्या बाईला रोजची गोळी सांभाळणं अवघड, वर्षाचा एक डोस मात्र दसऱ्याला टोळ्या निघण्याआधी गावातच देता येईल. तुटलेली काडी परत येत नाही, म्हणून हे काम मणका मोडायच्या आधीच व्हायला हवं.