वरमाला जपायची, पण कोणाकडून?

लग्न ठरले की हॉल, केटरर, भटजी आणि फोटोग्राफर यांची नावे सहा महिने आधी वहीत उतरतात. फुले टिकवून देणाऱ्याचे नाव त्या वहीत नसते. ते आठवते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

आमच्या भाचीचेच पाहा. लंडनला लग्न झाले. सकाळी रजिस्ट्रारपुढे हातात पांढऱ्या गुलाबांचा गुच्छ, दुपारी भटजींपुढे निशिगंध व लाल गुलाबांचा हार. दोन्ही कायमचे ठेवायचे, असे तिने त्याच रात्री ठरवले आणि जो पहिला सापडला त्याच्याकडे हार धाडला. शनिवारी लग्न, सोमवारी पार्सल, गुरुवारी ते पोहोचले. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेल्या हाराला बुरशी आली होती. आगाऊ भरलेले पैसे बुडाले, ते वेगळेच.

गुच्छ मात्र पाण्याच्या बादलीत होता आणि नवऱ्या मुलाचा हार विहीणबाईंच्या फ्रीजमध्ये. या वेळी चौकशी करून एका बाईंची निवड केली. त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "पाच वर्षांपूर्वीचे तुमचे काम दाखवाल का?" महिन्यापूर्वीची चौकट कोणाचीही सुंदरच दिसते. रेझिनचा ठोकळा उन्हात ठेवला की काही वर्षांनी पिवळा पडू लागतो, आणि फूल नीट न वाळवता त्यात बुडवले तर आतल्या आत तपकिरी होते.

बाई स्पष्टवक्त्या होत्या. गुलाब सिलिका जेलच्या बारीक दाण्यांत पुरून हवाबंद डब्यात ठेवला की आकार टिकतो. पण लाल रंग काळपट होणार आणि पांढरा सायीसारखा, हे त्यांनी आधीच सांगितले. वरून रंगाचा हात फिरवायचा का, तेही विचारले. फ्रीझ-ड्राइंगमध्ये फूल गोठवून निर्वातात त्यातल्या बर्फाची थेट वाफ करतात. त्याला आठवडे लागतात, यंत्र महाग, म्हणून दरही चढा. निशिगंध आणि मोगरा मात्र तपकिरी पडतात, असे त्या म्हणाल्या. जो कारागीर "सगळे जसेच्या तसे राहील" म्हणतो, त्याच्यापासून चार हात दूर राहावे, असे आमचे मत झाले आहे.

फुले शक्यतो दोन-तीन दिवसांत हातोहात पोहोचवावीत. तोवर गुच्छाचे देठ पाण्यात आणि हार सैल, कागद घातलेल्या खोक्यात फ्रीजमध्ये. बर्फाच्या कप्प्यात नव्हे, आणि सफरचंदांशेजारीही नव्हे. त्या फळातून निघणाऱ्या वायूने फुले लवकर कोमेजतात. पार्सल वाटेत खराब झाल्यास जबाबदारी कोणाची, हे पैसे भरण्यापूर्वी लिहून घ्यावे.

एवढे ठरले आणि आजी बोलल्या. "अगं, ते निर्माल्य झालं. ते भिंतीवर टांगतात का?"

"आजी, तू सांगशील तसं करते. पण एवढे गुलाब राहू देत ना."

आजींचे म्हणणे अगदीच एकटे नाही. याच लंडनमध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीत, १९२३ साली एलिझाबेथ बोज-लायन यांनी आपला लग्नाचा गुच्छ अनाम सैनिकाच्या समाधीवर ठेवला. त्यांचा एक भाऊ १९१५ साली महायुद्धात पडला होता. तेव्हापासून राजघराण्यातल्या वधूंचे गुच्छ लग्नानंतर तिथे जातात. ही गोष्ट भाचीने सांगितली तेव्हा आजी म्हणाल्या, "बघ, त्यांनाही कळतं."

शेवटी निशिगंध आजींनी स्वतःच्या हाताने परसातल्या गुलाबाच्या बुडाशी पुरला. पाच लाल आणि सात पांढरी फुले बाईंकडे गेली. तीन महिन्यांनी चौकट आली. सांगितल्याप्रमाणे लाल गुलाब काळपट झाले आहेत. भाचीने ती ऊन न येणाऱ्या जिन्यातल्या भिंतीवर लावली आहे, आणि वर जाताना आजी तिथे थांबतात, गुडघे दुखतात म्हणून, असे त्या सांगतात.