कर्णधारपद मागितले की माज दिसतो!

धान निघाले की झाडीपट्टीतील गावांना थोडी उसंत मिळते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक असते आणि दोन-तीन दिवस कबड्डीचे सामने रंगतात. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही असो की गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, वडसा, कुरखेडा असो, या दिवसांत चहाच्या टपरीवर कबड्डीशिवाय दुसरा विषय नसतो. अशाच एका गावात आम्ही सकाळच्या चहाला बसलो होतो. आदल्या रात्री गावचा संघ अंतिम सामन्यात हरला होता आणि टपरीवर त्याचा पंचनामा चालू होता.

एक म्हणाला, "त्याले लय मस्ती आली गा. कोणाचं ऐकतच नाही." दुसरा म्हणाला, "बाहेरगावचा रेडर आणला असता तं कप आपलाच होता." तिसऱ्याने तोडगा काढला, "ह्याले देऊन टाका त्या गावाले, अन् त्याइचा कॅचर आपल्याकडे घ्या." ज्याच्याविषयी हे चालले होते तो पोरगा त्या संघाचा सर्वात चांगला चढाईपटू. राहणारा बौद्ध मोहल्ल्यातला. संपूर्ण स्पर्धेत संघाचे निम्म्याहून अधिक गुण त्याने आणले होते, हे टीका करणारेही नाकारत नव्हते. मग त्याचा गुन्हा काय? आम्ही खोदून विचारले तेव्हा कळले. त्याने सामन्यांच्या आधी मंडळाला दोन प्रश्न विचारले होते. कर्णधार कोण ठरवतो? आणि प्रवेश फीचा, वर्गणीचा, बक्षिसाच्या रकमेचा हिशेब कोण ठेवतो? एवढ्यावरून तो "मस्तीत आलेला" ठरला.

वाचकहो, टपरीवरचा तो वाद आम्ही तासभर ऐकला. खेळाडूच्या स्वभावावर चर्चा झाली, त्याच्या किमतीवर झाली, त्याच्या अदलाबदलीवर झाली. मात्र संघ निवडणाऱ्या मंडळावर कोणी एक शब्द बोलले नाही. हरला तो खेळाडू, जिंकले ते मंडळ, असा हा न्याय आहे. आणि लक्षात घ्या, त्या मंडळात ब्राह्मण एकही नव्हता. सारे बहुजन समाजातलेच होते. ब्राह्मण्य म्हणजे एखाद्या जातीचे लोक नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता व बंधुत्व नाकारणारी वृत्ती होय, आणि ती कोणत्याही जातीत शिरू शकते, हे बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत समजावून सांगितले होते. ती वृत्ती कबड्डीच्या मैदानावरही उतरते.

हा वाद आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यात हाच वाद क्रिकेटवरून झाला आणि त्याच्या केंद्रस्थानी होता पळवणकर बाळू नावाचा एक चर्मकार. बाळूंचा जन्म १८७६ चा. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखणारा हा तरुण गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता देशातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाला तो हवा होता, कारण त्याच्यावाचून जिंकणे शक्य नव्हते. म्हणून चेंडूला त्याचा हात चालला. पण चहाच्या वेळी तो तंबूबाहेर, हातात मातीचे वेगळे भांडे. हरकत त्याच्या गोलंदाजीला नव्हती, त्याच्या पंगतीला होती.

१९०६ साली हिंदूंच्या संघाने मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ एकामागून एक सामने हरत असताना बाळूंनी शंभरावर बळी घेतले. एवढा पराक्रम केल्यावर कर्णधारपद त्यांच्याकडे चालत यायला हवे होते. चाहते ते मागत होते, वर्तमानपत्रांतून वाद झडत होते. पण निवड समिती ढिम्म हलली नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत तर कळस झाला. बाळूंनाच संघातून वगळले आणि कर्णधारपदासाठी त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून ते एका उच्चवर्णीय खेळाडूकडे दिले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले. आपण अस्पृश्य म्हणून हा अपमान होत आहे, हे त्यांनी जाहीरपणे मांडले. त्यांनाही तेव्हा "माजलेले" म्हणणारे असतीलच! परंतु त्या एका बहिष्काराने समितीला जाग आली. दोघे भाऊ अंतिम सामन्याला परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि कर्णधार काही वेळ मैदानाबाहेर गेल्याने त्यांना संघ हाताळायला मिळाला. पूर्ण कर्णधारपद मात्र बाळूंच्या वाट्याला कधीच आले नाही. १९२३ साली ते विठ्ठल यांना मिळाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवले.

आता याच गोष्टीचा पुढचा भाग पाहा, कारण चळवळीच्या वाचकाने तो विसरता कामा नये. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. म्हणजे काय? तर आपला खेळाडू आपण निवडायचा, आपला कर्णधार आपण ठरवायचा. गांधीजींच्या उपोषणापुढे २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. राखीव जागा वाढल्या, पण अखेरची निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली. खेळाडू आपला, निवड समिती दुसऱ्याची! १९३७ साली मुंबईत बाबासाहेब निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध कोणाला उभे केले? याच बाळूंना. ज्या व्यवस्थेने आयुष्यभर त्यांना कर्णधारपद नाकारले, तिला बाबासाहेबांना पाडण्यासाठी मात्र त्यांची आठवण झाली. बाबासाहेब निवडून आले, हा इतिहास आहे. बाळूंच्या खेळाविषयी आमच्या मनात आदरच आहे. दोष त्यांना देऊन आपली सुटका होणार नाही. दोष त्या व्यवस्थापनाचा आहे, जे गुणी माणसाला नेतृत्व देत नाही, पण वेळ आली की त्याच्याच माणसांच्या विरोधात त्याला मैदानात उतरवते. आज राखीव मतदारसंघांतून कोणाला तिकीट मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे गडचिरोलीपासून चंद्रपूरपर्यंत आपण डोळ्यांनी पाहतो. प्रश्न विचारणारा "मस्तीत आलेला" आणि मान डोलावणारा "चांगला पोरगा", हा टपरीवरचा न्याय तिथेही चालतो.

जंगलपट्टीतल्या आदिवासी बांधवांनाही यात स्वतःचे चित्र दिसेल. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारताला हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्या संघाचा कर्णधार होता मुंडा आदिवासी समाजातील जयपालसिंह. पण अंतिम सामन्यात तो मैदानावर नव्हता, कारण संघाच्या व्यवस्थापनाशी त्याचा खटका उडाला होता. पुढे हाच जयपालसिंह संविधान सभेत गेला आणि आदिवासींच्या वतीने ताठ मानेने बोलला. ज्याला व्यवस्थापन "हेकेखोर" म्हणते, तोच पुढे समाजाचा आवाज होतो, हे या देशाने पाहिले आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अनुभव तर आपल्याशी तंतोतंत जुळतो. तिकडचा बेसबॉल आपल्या गावांत फारसा कोणाला ठाऊक नाही, पण तिकडे तो क्रिकेटसारखाच घराघरांत बोलला जातो. त्या खेळाच्या मोठ्या स्पर्धांत कित्येक दशके काळ्या खेळाडूला प्रवेश नव्हता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सनने ब्रुकलिन संघाकडून खेळून ही भिंत पाडली. दहा वर्षे त्याने त्या संघासाठी रक्त आटवले. आणि डिसेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन आठवडा झाला असेल नसेल, व्यवस्थापनाने त्याला प्रतिस्पर्धी संघाला देऊन टाकले. रॉबिन्सनने त्या संघात जाण्याऐवजी खेळातून निवृत्ती पत्करली.

तेथील नियमच असा होता की करार संपला तरी खेळाडूवरचा संघमालकाचा हक्क सुटत नसे. बैलबाजारात बैल बदलावा तसा मालक खेळाडू बदलत. १९६९ साली कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूची बारा वर्षांच्या सेवेनंतर अशीच अदलाबदल झाली, तेव्हा तो म्हणाला, मी विकण्या-विकत घेण्याची वस्तू नाही. त्याने न्यायालयात दाद मागितली. ज्या १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. फ्लडची कारकीर्द संपली. चाहत्यांपैकी पुष्कळांनी त्याला कृतघ्न ठरवले, इतका चांगला पगार मिळत असताना याला काय कमी आहे म्हणून विचारले. परंतु १९७५ च्या अखेरीस तो नियम मोडला आणि त्याच्यामागून आलेले खेळाडू मोकळे झाले. आणखी एक गोष्ट. काळा खेळाडू १९४७ साली मैदानावर आला, पण पहिला काळा संघ-व्यवस्थापक व्हायला १९७५ साल उजाडले. मधली २८ वर्षे काळ्यांना हातात बॅट मिळाली, पण संघाची सूत्रे मिळाली नाहीत. मैदानाचे दार उघडले म्हणजे समितीच्या खोलीचे दार उघडते, असे नाही.

आपल्याकडे त्या मैदानाच्या दारावरही अजून पहारा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकचा उपांत्य सामना भारतीय महिला हॉकी संघ हरला, तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून कुटुंबाला जातिवाचक शिवीगाळ झाली. संघात दलित खेळाडू फार झाले म्हणून हरलो, असा तो आरोप. त्याच ऑलिम्पिकमध्ये काही दिवसांपूर्वी तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. जिंकताना ती देशाची, हरताना ती जातीची!

गुणवत्ता नाही म्हणून आपली मुले मागे राहतात, हे म्हणणे आता कोणी आमच्यापुढे मांडू नये. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांतील पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केला. ज्या मुलांना बर्फ ठाऊक नव्हता ती मुले जगाच्या शिखरावर उभी राहिली, कारण कोणीतरी त्यांची निवड केली, प्रशिक्षण दिले. निवड झाली की गुण दिसतो. निवडच झाली नाही तर गुण जंगलात फुलून जंगलातच गळतो.

पण समाजबांधवांनो, बोट केवळ दुसऱ्याकडे दाखवून आम्ही थांबणार नाही. आपल्या वस्त्यांतही बाबासाहेबांच्या जयंतीला कबड्डीचे, व्हॉलीबॉलचे सामने होतात. तिथे काय चालते? एकच अध्यक्ष वर्षानुवर्षे खुर्चीवर. हिशेब मागितला की "तू कालचा पोरगा" म्हणून गप्प करायचे. मुली जिल्ह्यापर्यंत खेळून येतात, पण मंडळाच्या यादीत एकाही मुलीचे नाव नाही. हे कोणत्या मनुवाद्याने आपल्याला करायला सांगितले?

राजकारणातही आपण चाहतेच होऊन बसलो आहोत. ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, ज्या भूमीने बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्यासारखा नेता दिला, तिथे रिपब्लिकन पक्षाचे खोब्रागडे गट, गवई गट झाले, मग गटांचे उपगट झाले. आणि आपण टपरीवर बसून कोणता नेता कोणत्या पक्षात जाणार, त्याच्या बदल्यात त्याला काय मिळणार, याची चर्चा करीत राहिलो. ही चर्चा आणि खेळाडूच्या अदलाबदलीची चर्चा यांत फरक तो काय? नेता दिला, महामंडळ घेतले! ज्यांची खरी निवड करण्याचा अधिकार आपला होता, त्यांच्या सौद्याचे आपण प्रेक्षक झालो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. येत्या मोसमात निदान आपल्या मंडळांपासून सुरुवात करा. कर्णधार खेळाडूंनी निवडावा. निवड समितीत खेळणारे दोन तरी खेळाडू आणि एक तरी मुलगी असावी. सामने संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बुद्धविहारात सर्वांसमोर हिशेब वाचावा. देशाच्या क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना आणि महिलांना जागा देण्याचा कायदा संसदेने २०२५ साली केला. मग आपल्या गावच्या मंडळाला कोणी अडवले आहे? जे मंडळ हिशेब वाचायला शिकेल, तेच उद्या ग्रामपंचायतीला हिशेब विचारेल आणि परवा पक्षाला विचारेल.

शासनकर्ती जमात व्हा, असे बाबासाहेब सांगून गेले. शासन म्हणजे काय ते त्या बौद्ध मोहल्ल्यातील पोराला बरोबर समजले होते. म्हणूनच त्याने कप किती मोठा हे विचारले नाही, कर्णधार कोण ठरवतो हे विचारले. आम्ही निघालो तेव्हाही टपरीवर त्याला कोणत्या गावाला द्यायचे याची चर्चा चालूच होती. तो पोरगा मात्र मंडईच्या मैदानावर रात्रीची चुन्याची पट्टी ओलांडून मोहल्ल्यातल्या लहान मुलांना चढाई शिकवत होता. त्याला कोणाला देऊ नका. त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्या.

जय भीम!