परमुलखातील जवानाच्या भेटीस जाताना

सातारा आणि सांगली हा मुळात एकच मुलूख. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, पण घराघरातून पलटणीत जाणारी वाट एकच राहिली. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जण कामी आले. आपल्या समाजाचा सैन्याशी संबंधही जुना आहे. 1917 मध्ये उभी राहिलेली 111 वी महार पलटण पुढे मोडली गेली. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली आणि ती वाट पुन्हा मोकळी झाली. आज आपली मुले याच नव्हे तर सैन्यदलाच्या अनेक शाखांत आहेत.

मुलगा देशातच कुठेतरी असला म्हणजे घरच्यांना धीर असतो. पण 'परदेशात नेमणूक झाली' असा निरोप आला की घराचा नूरच बदलतो. संस्थेच्या बैठकीला येणाऱ्या माता-भगिनी आम्हाला एकच प्रश्न विचारतात, "आम्हाला जाऊन त्याला भेटता येईल का?" या प्रश्नाचे सविस्तर उत्तर सभासदांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हाती असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

नेमणूक कोणत्या प्रकारची?

सर्वप्रथम हे समजून घेतले पाहिजे की परदेशातील प्रत्येक नेमणूक सारखी नसते.

पहिला प्रकार संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा. भारताने आजवर 50 हून अधिक मोहिमांत मिळून 2,90,000 पेक्षा जास्त शांतिसैनिक पाठविले आहेत. लेबनॉन, दक्षिण सुदान, काँगो ही नावे आपल्या गावांतूनही ऐकू येतात. तेथे तुकडीबरोबर गेलेल्या जवानाच्या कुटुंबाला सोबत राहता येत नाही आणि भेटीस जाण्याचा विचारही करू नये. तो प्रदेश अशांत असतो. आपल्या जाण्याने मुलाच्या जिवाला आणि कामाला घोर लागतो. अशा वेळी त्याच्या रजेची वाट पाहणे हीच खरी भेट.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष लष्करी कारवाईचा. 1987 ते 1990 या काळात आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. 8 महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तेथेच 25 नोव्हेंबर 1987 रोजी वीरमरण आले व त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्या दिवसांत घरच्यांच्या हाती फक्त पत्र होते.

तिसरा प्रकार मित्रदेशातील शांततेच्या नेमणुकीचा, आणि येथे मात्र भेटीची वाट मोकळी असते. याचे आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे भूतान. भारतीय लष्कराचे प्रशिक्षण पथक 1962 पासून तेथे असून त्याचे मुख्य ठाणे पश्चिम भूतानातील हा या खोऱ्यात आहे. सीमा सडक संघटनेचा 'दंतक' प्रकल्प 1961 पासून तेथे रस्ते बांधत आहे. फुंटशोलिंग ते थिंफू हा मुख्य रस्ता आणि पारोचे विमानतळ हे दंतकचेच काम. म्हणून पुढील माहिती मुख्यत्वे भूतानसंबंधी देत आहोत.

निरोप पोहोचला काय?

प्रवासाच्या तयारीत आम्ही पहिला क्रमांक तिकिटाला देत नाही, निरोपाला देतो. याचे कारण आपल्याच जिल्ह्यात घडलेले आहे. 1901 च्या सुमारास बाबासाहेब लहान असताना साताऱ्यास राहत. सैन्यातून निवृत्त झालेले त्यांचे वडील रामजी सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यात रोखपालाच्या कामावर होते. सुट्टीत मुलांना त्यांनी भेटीस बोलावले. नवे कपडे घालून मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली, पण न्यायला कोणीच आले नाही. मुलांनी आगाऊ पत्र पाठविले होते. ते शिपायाच्या हाती पडलेही होते, मात्र त्याने ते वडिलांना दिलेच नव्हते. पुढे जात कळताच कोणी गाडीवान मिळेना. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. रात्रभर मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

त्या रात्रीचे खरे कारण अस्पृश्यता हेच होते, याविषयी दुमत नाही. तो कलंक त्या मुलांच्या माथी एका न पोहोचलेल्या पत्रामुळे आला, असे कोणी समजू नये. परंतु भेटीस निघणाऱ्याने त्यातून एक व्यवहाराचा धडाही घ्यावा. निरोप पाठविला म्हणजे पोहोचला असे नव्हे. उलट उत्तर येईपर्यंत गाठोडे बांधू नये.

मुलाकडून पुढील गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. त्याला त्या तारखांना सुट्टी किंवा बाहेर जाण्याची परवानगी मिळाली आहे का? पाहुण्यांविषयी त्याने युनिटमध्ये अर्ज करून मंजुरी घेतली आहे का? राहण्याची सोय युनिटकडून आहे की बाहेर करायची? आणि कोणत्या सीमाद्वाराने यायचे? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. पश्चिम भूतानसाठी बंगालमधील जयगाव व पलीकडचे फुंटशोलिंग हे द्वार आहे. मुलगा पूर्व भूतानात असेल तर आसाममार्गे सामद्रुप जोंखार येथून जावे लागते. चुकीच्या द्वारी गेलेल्या माणसाचे दोन दिवस वाया जातात.

कागदपत्रे

भूतानला जाण्यासाठी भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, परंतु प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. मूळ कागद सोबत हवा, झेरॉक्स चालत नाही. आधार कार्ड किंवा पॅन कार्डावर प्रवेश मिळत नाही. अठरा वर्षांखालील मुलाकडे पासपोर्ट नसेल तर मूळ जन्मदाखला लागतो आणि सोबत आई किंवा वडील असावे लागतात.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकिकत येथे सांगणे भाग आहे. आई, वडील आणि सून असे तिघे निघाले. तिकिटे काढून देणाऱ्याने 'आधार आहे ना, मग झाले' असे सांगितले. वडिलांचे आणि सुनेचे मतदार ओळखपत्र योगायोगाने पाकिटात होते, आईचे गावी ट्रंकेत राहिले होते. तीन रात्रींचा प्रवास करून आलेली ती माउली सीमेवर अडली. मुलाला कसाबसा एक दिवस मिळाला. तो खाली जयगावला आला आणि लॉजच्या खोलीत मायलेकरांची दोन-तीन तासांची भेट झाली. तिने त्याच्यासाठी आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी त्याने तेथेच बसून खाल्ली. भेट झाली हे खरे, पण त्याचे राहण्याचे ठिकाण डोळ्यांनी पाहायची तिची इच्छा तशीच राहिली.

म्हणून निघण्याच्या दोन महिने आधी प्रत्येकाचे ओळखपत्र उजेडात धरून पाहावे. नावात चूक असेल, कार्ड झिजून फोटो ओळखू येत नसेल, तर तहसील कार्यालयातील निवडणूक शाखेत अर्ज करून दुरुस्ती करून घ्यावी. शिकलेल्या मुलामुलींनी हे काम आपल्या अंगावर घ्यावे. आई-आजीच्या कागदांकडे घरात शेवटी लक्ष जाते, हा अनुभव आहे. पासपोर्ट काढायचा असेल तर 2017 पासून टपाल कार्यालयांतही पारपत्र सेवा केंद्रे सुरू झाली आहेत, त्यांचा लाभ घ्यावा.

वाट आणि हवामान

सांगली, मिरज, कराड, सातारा येथून रेल्वेने पुणे गाठावे. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस हावड्याला जाते, तिला सुमारे दीड दिवस लागतो. कोलकात्यातील सियालदह स्टेशनावरून कांचनकन्या एक्सप्रेस हासीमारा येथे पोहोचते. तेथून जयगाव सुमारे 20 किलोमीटर आहे. म्हाताऱ्या माणसांना इतका प्रवास झेपणार नसेल तर कोलकाता किंवा बागडोगरा येथून पारोला विमानाने जाता येते, मात्र भाडे बरेच अधिक पडते.

फुंटशोलिंग ते थिंफू हे अंतर सुमारे 170 किलोमीटर. रस्ता सारा घाटाचा. आंबेनळीचा घाट पाहिलेल्यालाही तो लांब वाटेल. थिंफूची उंची सुमारे 2,300 मीटर आहे. हा खोरे त्याहून उंच असून पारोकडून तेथे जाताना सुमारे 3,800 मीटर उंचीची चेले ला खिंड ओलांडावी लागते. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते. चुझोमवरून येणारा दुसरा रस्ता त्यामानाने खालून जातो. रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच निघावे. औषधे महिनाभराची व चिठ्ठीसह ठेवावीत. वर पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांती घ्यावी.

जून ते सप्टेंबर या काळात पाऊस आणि दरडी यांमुळे वाट अडते. मार्च ते मे किंवा दिवाळीच्या आसपासचा काळ बरा. मे महिन्यात साताऱ्यात घाम गाळत असताना स्वेटर बांधणे विचित्र वाटते, पण ते बांधावेच.

खर्चाचा हिशेब

भूतान सरकार 2022 पासून भारतीय पर्यटकाकडून दर रात्री माणशी 1,200 रुपये शुल्क घेते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मे, सहा वर्षांखालील मुलाला माफ. आई, वडील, पत्नी आणि आठ वर्षांचे मूल अशा चौघांचे एका रात्रीचे 4,200 रुपये होतात. चार रात्रींचे 16,800 रुपये. हॉटेल, गाडी, जेवण त्याखेरीज. युनिटचे पाहुणे म्हणून काही सूट आहे का हे मुलाने विचारावे, पण ती मिळेलच असे धरून घरून निघू नये.

आपला रुपया आणि तेथील न्गुल्ट्रम यांची किंमत समान आहे व रुपया तेथे चालतो. शंभराच्या नोटा जवळ असाव्यात. उरलेले न्गुल्ट्रम परत येताना सीमेवरच बदलून घ्यावेत. 2021 पासून भीम यूपीआयनेही तेथे पैसे देता येतात, परंतु निघण्यापूर्वी आपल्या बँकेत चौकशी करावी. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असते.

एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. या भेटीसाठी सावकाराकडून कर्ज काढू नये किंवा शेळी-म्हैस विकू नये. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते. वर्षभरात तो घरी येणारच आहे. ऐपत असेल, प्रकृती साथ देत असेल तर जरूर जावे. नसेल तर न गेल्याने माया कमी होत नाही.

ठाण्यात वागावे कसे?

लष्कराचे ठाणे म्हणजे पाहुण्याचे घर नव्हे. फाटकावर नाव नोंदवावे, सांगितले तेवढ्याच भागात फिरावे. ठाण्याचे, वाहनांचे, शस्त्रांचे फोटो काढू नयेत. मुलाचे ठिकाण, युनिटचे नाव, येण्याजाण्याच्या तारखा व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा गावच्या पारावर सांगत बसू नये. हा भित्रेपणा नव्हे, ती मुलाच्या सुरक्षिततेची काळजी आहे.

घरची भांडणे, बांधाचा वाद, बहिणीच्या लग्नाची चिंता यांचे गाठोडे त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी सोडू नये. त्याची कामाची वेळ पाळावी. त्याच्या सोबत्यांसाठीही थोडा खाऊ न्यावा. घरापासून दूर असलेल्या दहा जणांना एका आईच्या हातचा लाडू पुरतो.

बुद्धभूमीचे दर्शन

भूतान हा बौद्ध देश आहे. तेथील वज्रयान परंपरेतील विधी, मूर्ती आणि चित्रे आपल्या विहारापेक्षा निराळी दिसतील. 'हे आपल्यासारखे नाही' असे म्हणून नाक मुरडू नये, समजून घ्यावे. पारोतील क्यिचू ल्हाखांग हे विहार सातव्या शतकातील असल्याची परंपरा आहे. तक्तसांग हा कड्यावरचा विहार 1692 मधील, पण त्याची चढण गुडघे दुखणाऱ्यांनी टाळावी. थिंफूची सुमारे 50 मीटर उंचीची बुद्धमूर्ती गाडीतून उतरून सहज पाहता येते. विहारात पादत्राणे व टोपी काढावी, उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा करावी, आत फोटो काढू नये. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी विशेष ध्यानी ठेवावे.

ठरलेली भेट ऐनवेळी रद्द होऊ शकते. मुलाला दुसरीकडे पाठवले जाईल, रस्ता बंद होईल, सुट्टी नाकारली जाईल. अशा वेळी त्याला दोष देऊ नये, कारण वाईट त्यालाही वाटतेच. घरात आजारपण किंवा अन्य संकट उद्भवले तर सातारा व सांगली येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधावा. सीमेवरचे नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा चौकशी करावी.

आमच्या सभासदांपैकी ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी आपला अनुभव पुढील कुटुंबाला सांगावा. मसूरच्या स्टेशनावर थांबलेल्या मुलांना विचारणारे कोणी नव्हते. आज आपल्या गावातून निघणाऱ्या आईला "ओळखपत्र घेतलंस का, आई?" असे विचारणारे कोणीतरी आपल्यातलेच असले पाहिजे.