कॉम्प्युटरला जागं कोण ठेवतंय?



प्रभागसंघाच्या ऑफिसात, ग्रामसंघाच्या खोलीत आता कॉम्प्युटर आले. हळदी-कुंकू वाहून आपण ते टेबलावर बसवले आणि हिशेब त्यात चढू लागले. आता गावागावांतून एक तक्रार यायला लागली आहे : “ताई, ह्याला सांगितलंय की दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर झोप. पण हा झोपतच नाही. संध्याकाळी बंद करायचा राहिला, तर सकाळी तसाच टक्क जागा!” आज ह्याच तक्रारीवर बोलू. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विंडोजचेच कॉम्प्युटर आहेत, म्हणून त्याचंच सांगते. वही-पेन जवळ घ्या. मध्ये एक ओळ अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायची आहे.

आधी झोप म्हणजे काय ते बघू. कॉम्प्युटर झोपतो तेव्हा तो बंद होत नाही. चालू काम तो आठवणीत धरून ठेवतो आणि बाकीचं सगळं शांत करतो. बटण दाबलं की जिथे होतो तिथेच परत. ह्याला ‘स्लीप’ म्हणतात. पण नुसता पडदा काळा झाला म्हणजे झोप लागली असं समजू नका. पडदा मिटलेला असतो आणि खालचा सीपीयू चालूच असतो. कान लावा, पंख्याची घरघर ऐकू आली तर तो जागा आहे. पडद्यावर बुडबुडे नाहीतर फुलं फिरत असतात, तीही झोप नव्हे. ती तर फुकटची करमणूक.

“जागा राहिला तर राहिला, बिघडलं काय?” असं एका बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. बिलाचं आधी सांगते. साधा डेस्कटॉप नुसता बसून आहे आणि पडदा धरून ६० वॅट घेतो असं धरा. संध्याकाळी ५ ते सकाळी १० म्हणजे १७ तास. ६० गुणिले १७, म्हणजे १०२० वॅट-तास. हजाराचं एक युनिट. म्हणजे रोज रात्री एक युनिट, महिन्याला तीस, आणि ते आपल्या संघाच्या खर्चात. झोपलेला कॉम्प्युटर जेमतेम एक-दोन वॅटवर भागवतो. त्यातून लाईट गेली की हाच जागा कॉम्प्युटर इन्व्हर्टरची बॅटरी पिऊन टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत पंखाही फिरत नाही.

पण मला बिलापेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते. आपली खोली बहुतेक ठिकाणी आपली एकटीची नसते. सकाळी आपण, संध्याकाळी दुसरी कुठली बैठक, रविवारी आणखी कुणी. आणि पडद्यावर काय उघडं असतं? कुणाचं कर्ज किती, कुणाचे हप्ते थकले, कुणाचा आधार नंबर, कुणाचं बँकेचं खातं. एका गावात एका बाईचे दोन हप्ते थकल्याची गोष्ट पिठाच्या गिरणीवर निघाली. गटातल्या कुणी बोललं नव्हतं. यादी रात्रभर पडद्यावर उघडी होती, एवढंच. ती बाई पुढे दोन महिने बैठकीला आली नाही. तिचे हप्ते का थकले होते ते गटाला ठाऊक होतं, गिरणीला नव्हतं. म्हणून कॉम्प्युटर वेळेवर झोपणं ही मला कपाटाला कुलूप लावण्याइतकीच गरजेची गोष्ट वाटते.

आता उपायाकडे येऊ. लेकरू रात्री झोपत नसलं की आपण लगेच औषध पाजत नाही. दुपटं ओलं आहे का, मुंगी चावतेय का, पोट फुगलंय का, हे आधी चाचपतो. इथेही तसंच. आपल्यात आणि त्याच्यात फरक एवढाच की लेकराला सांगता येत नाही आणि कॉम्प्युटरला सांगता येतं. त्याला विचारणारं कुणी हवं.

विचारण्याआधी एक बघून घ्या. ‘सेटिंग्ज’मध्ये जा, ‘सिस्टीम’, मग ‘पॉवर’. कुठे ‘पॉवर अँड स्लीप’ लिहिलेलं असेल, कुठे ‘पॉवर अँड बॅटरी’. तिथे पडद्याची वेळ वेगळी आणि झोपेची वेळ वेगळी असते. पुष्कळ ठिकाणी पडद्याला दहा मिनिटं लावलेली असतात आणि झोपेपुढे ‘नेव्हर’, म्हणजे कधीच नाही. मग तो बिचारा हुकूमच पाळतोय. लॅपटॉपला तर चार वेळा असतात. बॅटरीवर असताना दोन, चार्जर लावलेला असताना दोन. आपण एक बदलतो आणि तीन राहून जातात.

लॅपटॉपवाल्यांनी झाकणाचंही बघा. झाकण मिटलं की काय करायचं, हे ‘कंट्रोल पॅनेल’च्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ठरवलेलं असतं. तिथे ‘डू नथिंग’ असेल तर झाकण लावूनही लॅपटॉप आत चालूच राहतो. तसाच पिशवीत घालून एसटीने निघालात, तर उतरेपर्यंत तापलेला तवा. तिथे ‘स्लीप’ करा.

हे सगळं ठीक आहे आणि तरी झोप नाही? मग उतरवून घ्या. खाली ‘स्टार्ट’च्या शोधायच्या जागी सी एम डी ही तीन अक्षरं टाइप करा. ‘कमांड प्रॉम्प्ट’ असं नाव येईल. त्यावर माउसचं उजवं बटण दाबा आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. परवानगी मागेल, ‘येस’ म्हणा. काळी खिडकी उघडेल. ती बघून घाबरू नका, सिनेमात दाखवतात तसलं त्यात काही नसतं. तिथे लिहायचं :

पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी. हे सलग, मध्ये जागा नाही. मग एक मोकळी जागा. मग तिरकी रेघ, जी प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती. रेघेला चिकटून आर ई क्यू यू ई एस टी एस. आणि एंटर.

परत सांगते. पॉवर, त्याला जोडून सी एफ जी, मोकळी जागा, तिरकी रेघ, रिक्वेस्ट्स. ही ओळ फक्त विचारते, बदलत काहीच नाही. त्यामुळे चुकलं तरी हिशेबाला धक्का लागत नाही, पुन्हा लिहा. मात्र विचारण्याआधी उघडलेलं काही बंद करू नका. रोज जसा सोडून जाता तसाच असू द्या, नाहीतर चोर पळालेला असेल.

उत्तर काय येतं? ‘डिस्प्ले’, ‘सिस्टीम’, ‘एक्झिक्युशन’ अशी काही नावं एकाखाली एक येतात. ज्याच्याखाली ‘नन’ लिहिलंय, तिथे कुणी नाही. ज्याच्याखाली दुसरं काही लिहिलंय, तो म्हणतोय की माझं काम चाललंय, झोपू नकोस. विंडोजचा नियमच आहे की एखाद्या प्रोग्रामने अशी विनंती केली तर कॉम्प्युटर आपोआप झोपत नाही. म्हणजे बऱ्याचदा यंत्रात बिघाड नसतोच. ते कुणाचं तरी ऐकत असतं.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो व्हिडिओ किंवा आवाज. ब्राउझरचं नाव दिसेल, क्रोम नाहीतर एज, किंवा ‘ऑडिओ स्ट्रीम’ वापरात आहे असं लिहिलेलं असेल. म्हणजे कुणीतरी पापडाच्या मशीनचा व्हिडिओ लावला, वर दुसरी खिडकी उघडली, आवाज बारीक केला आणि विसरलं. तो मागे वाजतोच आहे. टॅब बंद करा, परत तीच ओळ लिहा, ‘नन’ येतंय का बघा.

दुसरा एक पाहुणा जरा चकवणारा आहे. ‘सिस्टीम’खाली ‘एस आर व्ही नेट’ असं येतं आणि पुढे ‘रिमोट क्लायंट’ असे शब्द असतात. हे वाचून एका ठिकाणी बायका घाबरल्या, कुणी चोरून आत शिरलंय म्हणून. तसं समजायची घाई करू नका. ज्या ऑफिसात दोन यंत्रं वायरने किंवा वायफायने जोडलेली असतात, तिथे दुसऱ्या लॅपटॉपवर ह्या कॉम्प्युटरमधली हिशेबाची फाईल उघडी असली तरी हेच दिसतं. तिकडची फाईल बंद करा. तुमच्याकडे दुसरं यंत्रच नसेल आणि तरी हे दिसत असेल, तर मात्र जाणत्या माणसाला दाखवा.

कधी कधी विंडोजचं अपडेट चाललेलं असतं. ते होऊ द्या, मध्येच वायर ओढू नका. पेनड्राइव्हवर मोठी नक्कल चालू असेल, तिचंही तसंच. रात्री दवाखान्यात सोबतीला बसलेल्या माणसाला आपण झोप म्हणत नाही. काम असेल तेव्हा जागं राहावंच लागतं.

आता समजा सगळीकडे ‘नन’ आलं. कुणीच जागं ठेवत नाही आणि तरी झोप नाही. मग माउस बघा. खरंच! माउस हलला की कॉम्प्युटरला वाटतं, मालकीण आली, आणि त्याची दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. काचेच्या नाहीतर चकचकीत टेबलावर माउस नुसता ठेवलेला असला तरी त्याच्या पोटातल्या दिव्याचा गोंधळ होतो आणि बाण थोडाथोडा थरथरतो. टेबलफॅनच्या हादऱ्यानेही होतं. खाली जाड वहीचा पुठ्ठा ठेवून बघा. कीबोर्डवर रजिस्टर पडून एखादं बटण दाबलेलं राहिलं तरी तोच प्रकार. खात्री करायची तर झोपेची वेळ एक मिनिट करा, माउसची वायर काढा आणि हात मांडीवर ठेवून बसा. झोपला, तर चोर माउसच.

काही ठिकाणी तक्रार उलटी असते, झोपतो पण मध्येच उठतो. तेव्हा त्याच काळ्या खिडकीत तिरक्या रेघेपुढे रिक्वेस्ट्सच्या जागी एल ए एस टी डब्ल्यू ए के ई असं सलग लिहा. शेवटचं कुणी उठवलं त्याचं नाव बऱ्याचदा त्यात मिळतं. माउसचं नाव आलं तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये माउस शोधा, त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ असतं, तिथली कॉम्प्युटरला उठवायच्या परवानगीची खूण काढा. कीबोर्डची राहू द्या, आपल्याला उठवायला काही तरी हवं ना.

कळलं नाही तर काळ्या खिडकीचा मोबाईलवर फोटो काढा आणि कॉलेजात जाणाऱ्या कुणा मुलीला दाखवा. फोटोत सभासदांची यादी येणार नाही एवढं बघा. आणि झोप येत नाही म्हणून कुणी “फॉरमॅट मारावा लागेल” म्हणालं तर थांबवा. एका संघात अगदी असंच म्हणून फॉरमॅट झालं आणि तीन वर्षांच्या नोंदी गेल्या. वह्या होत्या म्हणून परत भरता आल्या, बायकांचे कितीतरी दिवस त्यात मोडले. दुरुस्तीवाल्याला आधी ही ओळ लिहून दाखवायला सांगा. झोप लावून देतो म्हणणारे फुकटचे प्रोग्रामही उतरवून घेऊ नका. जे लागतं ते विंडोजमध्ये आहेच.

झोप लागली की कुलूप राहतं. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’, मग ‘साइन-इन ऑप्शन्स’. तिथे झोपेतून उठल्यावर पासवर्ड मागायचा, असं निवडा. हे केलं नाही तर कुणीही बटण दाबेल आणि यादी पुन्हा समोर. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवू नका, हे सांगावं लागतं कारण मी चिकटवलेला पाहिलाय. आणि दहा मिनिटं वाट कशाला बघायची? चहाला उठताना विंडोजच्या खुणेचं बटण आणि एल एकदम दाबा, पडदा लगेच कुलूपबंद होतो.

एक राहिलं. झोपलेल्या डेस्कटॉपची लाईट गेली आणि त्याला यूपीएस नसेल, तर सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं. म्हणून उठण्याआधी सेव्ह करा. आणि रात्री घरी जाताना झोपवू नका, सरळ ‘शट डाउन’ करा. आपोआप झोपणं हे विसरलेल्या दिवसासाठी, बँकेत गेलेल्या दुपारसाठी आहे. उतरवलेली ओळ रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे सचिव बदलली तरी नवीला सापडेल. येते मग. नमस्कार.