गोबर गॅसला कर्ज द्यायचं का?

मे महिना सरत आला, की कुडाळच्या आसपासच्या गावांत बायकांना घोर लागतो तो फाट्यांचा. पावसाळ्याची बेगमी! ओली लाकडं पेटवताना डोळ्यांचं काय होतं, ते फुंकणारीलाच ठाऊक. २०२० साली घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख बळी घेतले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

यावर गोबर गॅस हा जुनाच उपाय. सरकारचा देशव्यापी कार्यक्रम १९८१-८२ पासूनचा. कुडाळ तालुक्यात झारापला डॉ. प्रसाद देवधर यांच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने तो गावोगावी नेला. दोन-तीन गुरं, रोजचं २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी, एवढ्यावर एक घनमीटरचं लहान सयंत्र चालतं.

मग अडतं कुठे? मैत्रिणींनो, अडतं बचत गटाच्या बैठकीत! शिलाई मशीनला कर्ज मागा, लगेच होकार. गोबर गॅसचं नाव काढलं, की कुणीतरी म्हणतंच, ‘गो बाय, गॅसातून पैशे येतले काय?’ प्रश्न चुकीचा नाही. गटाची पत वेळेवरच्या हप्त्यावर, बँकही तेच बघते. वाचलेला सिलिंडर, वाचलेली लाकडाची मोळी आणि मोकळा झालेला तासभर वेळ वहीत कुठल्या रकान्यात लिहायचा?

पर्यावरणवाल्यांना जंगल वाचवायचं असतं, सरकारी खात्याला उद्दिष्ट गाठायचं असतं, घरच्या पुरुषाला शेण भातशेतीसाठी हवं असतं. (सयंत्रातून बाहेर पडणारी स्लरी हेही उत्तम खत, हे त्याला पटलं की निम्मं काम झालं.) सासूबाईंना चुलीवरच्या भाकरीची चव हवी. सुनेला मात्र सकाळी धूर नको, एवढंच! माझ्या मते गटात पहिलं ऐकायचं ते हिचं. कर्जाला हिशोब हवाच, तर महिन्याला किती सिलिंडर आणि किती मोळ्या वाचल्या, ते मांडा. हप्ता त्यातूनच निघायला हवा.

आणखी एक. सयंत्र बांधलं की सरकारी कागदावर काम पूर्ण! पण पोरं मुंबईला गेली, म्हातारीच्याने गोठा होईना, म्हैस विकली, की टाकी सुकते. म्हणून कर्ज मंजूर करताना गटाने विचारावं, ‘पाच वर्षांनी तुझ्या गोठ्यात शेण कोण काढणार?’