पांढरी मुंगी नव्हे, झुरळाची नातलग

जनाबियात बाग असलेल्या घरात राहत असाल, तर झुरळ आणि वाळवी दोघांशीही कधी ना कधी गाठ पडते. एक दिसलं की चप्पल उचलतो. दुसरी दिसतच नाही, आणि चौकट पोकळ झाल्यावर कळतं. पण हे दोघे एकाच कुळातले आहेत.

वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो, ते चूक. मुंगी ही मधमाशी-गांधीलमाशीच्या गोतातली. तिची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ. २००७ साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं, की वाळवी म्हणजे समाज करून राहणारं झुरळच. तोवर तिचा गण वेगळा मानायचे.

दुवा म्हणजे क्रिप्टोसर्कस नावाचं झुरळ. ते अमेरिकेतल्या आणि पूर्व आशियातल्या जंगलांत कुजक्या ओंडक्यात आई, बाप, पिल्लं असं राहतं. लाकूड पचवणारे सूक्ष्मजीव पिल्लाच्या पोटात जन्मतः नसतात; ते मोठ्यांच्या गुदद्वारातून घ्यावे लागतात. (जेवत ऐकत असाल तर माफ करा.) म्हणजे घर सोडून जायची सोयच नाही! बऱ्याच वाळव्या आजही हेच करतात. एकत्र कुटुंब इथूनच वाढलं, असं मानतात.

आपल्याकडची काही वाळवी तर शेती करते. वारुळात ती बुरशी पिकवते, आणि कोकण-गोव्यात पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी त्याच बुरशीची. नागपंचमीला पुजतो ते वारूळही बहुधा वाळवीनेच बांधलेलं असतं, नागाने नव्हे.

आता कामाचं. नातं जवळचं असलं तरी उपाय एक नाही. झुरळाच्या अंड्यांच्या डबीत फवारा सहसा शिरत नाही, म्हणून काही आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. तिला पैसे काढायची चाल समजू नका. घरात दम्याचं मूल असेल तर टाळूच नका, झुरळाची विष्ठा आणि कात दमा वाढवते. वाळवीचं उलट: भिंतीवरची मातीची नळी खरवडून फवारलं, तर फक्त कामकरी मरतात. राजा-राणी बहुधा जमिनीत सुखरूप. तिथे मातीतच औषध मुरवावं लागतं.

भाड्याचं घर असेल तर नळी दिसताच फोटो काढून मालकाला कळवा, खरवडू नका. आणि पुण्या-मुंबईत फ्लॅट बंद असेल, तर सुट्टीत गेल्यावर आधी देव्हारा, पुस्तकांचं कपाट आणि दाराच्या चौकटी बोटाने वाजवून बघा.