रुळावर चेपलेलं, टांकसाळीत चुकलेलं

पूर्णा जंक्शनच्या आसपास वाढलेल्या माझ्या पिढीला रुळावर ठेवलेल्या नाण्याचं काय होतं, हे तोंडपाठ आहे. दहा पैशांचं ॲल्युमिनियमचं कंगोरेदार नाणं मालगाडीखालून निघालं की पापडासारखं पातळ व्हायचं. कंगोरे गायब, काठ ठिकठिकाणी चिरलेला आणि सिंह एका अंगाला ओढला गेलेला. असली नाणी आज ऑनलाइन ‘ब्रॉडस्ट्राइक एरर, अतिदुर्मीळ’ म्हणून भल्या किमतीला विकायला ठेवलेली दिसतात, तेव्हा जीव तळमळतो.

खरा ब्रॉडस्ट्राइक वेगळाच असतो. नाणं पाडताना कोऱ्या चकतीभोवती पोलादी कडं असतं, ते धातूला बाहेर पसरू देत नाही. कडं जागेवर नसलं तर धातू चहूकडे पसरतो. नाणं नेहमीपेक्षा मोठं होतं, पण साधारण गोलच राहतं, काठावर दाते उमटत नाहीत आणि मधला छाप मात्र ठसठशीत येतो. म्हणून कुठलंही ‘एरर’ नाणं समोर आलं की मी एकच प्रश्न विचारतो: हे दोन ठशांच्या मध्ये घडलं, की ठशांतून सुटल्यावर?

टांकसाळींचं थोडक्यात सांगतो. सालाखाली हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. या खुणा म्हणजे चुका नव्हेत. ‘चांदणीवालं दुर्मीळ नाणं’ असं कुणी म्हणालं तर पुढे सरकावं.

माझा खरा जीव आहे तो ब्रॉकेजवर. पाडलेलं नाणं कधी कधी ठशालाच चिकटून बसतं. पुढची कोरी चकती आत येते, तिच्या एका बाजूवर ठसा पडतो आणि दुसऱ्या बाजूवर ते चिकटलेलं नाणं. परिणामी दोन्ही बाजूंना एकच चित्र येतं: एकीकडे सिंह उठावाचा आणि सुलटा, दुसरीकडे तोच सिंह खोलगट आणि उलटा, आरशात पाहावा तसा. चिकटलेलं नाणं निघालं नाही तर ते दर ठोक्याला पसरत जातं आणि नंतरच्या नाण्यांवरचं खोलगट चित्र मोठं, फिकं होत जातं. भिंगाखाली हा क्रम पाहताना मला वेळेचं भान राहत नाही.

याची नक्कल करायला फक्त एक पकड, म्हणजे व्हाइस, लागते. दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळली की उलटी, खोलगट अक्षरं उमटतात. पण ती उमटतात आधीच्या छापावर! मूळ आकडा खाली दबलेला दिसतो आणि व्हाइसच्या जबड्याकडची बाजू सपाट झालेली असते. दोन्ही बाजू नीट पाहिल्या की सोंग उघडं पडतं.

नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जुनी नाणी पाहताना आणखी एक गोष्ट मनात पक्की झाली. शिवराईवरची अक्षरं अर्धवट असणं ही चूक नाही. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि हातोड्याचा घाव. पूर्ण मजकूर मावणारच कसा? अशी शिवराई ‘ऑफ सेंटर एरर’ म्हणून विकणं मला अन्यायाचं वाटतं. आमच्या निजामी मुलखातला चारमिनारचा रुपया मात्र यंत्रावर पाडलेला, तिथे चूक ही चूकच. त्यातही जपून राहावं लागतं: या भागात रुपयांना कडी लावून गळ्यात घालायची रीत होती. कडी काढून घासलेला काठ भिंगाखाली लगेच दिसतो, डाखाचा पांढुरका डागही राहतो.

चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं, म्हणजे ‘क्लिप’. पट्ट्यातून चकत्या कापताना यंत्र आधीच्या भोकावर आलं की ही कोर जाते. अशा नाण्यात कोरेच्या बरोबर समोरचा काठ बहुधा फिका, दबका असतो. कानशीने घासलेल्या नाण्यात तो धडधाकट राहतो. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे, काठाचे आणि तराजूवर ठेवलेल्या नाण्याचे फोटो मागावेत. तो टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तिथेच थांबवावा. ‘रिझर्व्ह बँकेचं कमिशन भरा’ म्हणणारा तर सरळ भामटा. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तसा इशाराच दिला आहे.

सध्या सगळ्यात जास्त खपतं ते मधली चकती नसलेलं दहाचं नाणं. अखंड नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं, मधली चकती हातोडीने ठोकून काढणं अवघड नाही. तशा कड्याची आतली भिंत सरळ, कापल्यासारखी असते. चकतीविना ठशाखाली गेलेल्या कड्याचा धातू मात्र आतल्या रिकाम्या जागेकडे सरकतो, भोक किंचित लहान होतं आणि आतली कड गोलसर येते. फोटोत आतली कड दिसेपर्यंत पैसे पाठवू नयेत.